विरल मृत्तिका आणि आपला संसार



पेट्रोमॅक्सची बत्ती आता बहुतेक घरांतून माळ्यावर जाऊन बसली आहे. परंतु लग्नाच्या वरातीपुढे, तमाशाच्या फडात, भजनाच्या मंडपात किंवा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ज्यांनी ती जळताना पाहिली आहे, त्यांना तिच्यातील मेंटल आठवत असेल. मेंटल म्हणजे विणलेल्या धाग्याची एक लहानशी पिशवी. ती प्रथम पेटविली की धागा जळून जाई आणि मागे राखेचा एक नाजूक सांगाडा उरे. बोट लागले तरी मोडावा असा हा सांगाडा तापला म्हणजे डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश देई. ही राख साधी नव्हती. तिच्या शंभर भागांतील नव्याण्णव भाग थोरियम या धातूचे ऑक्साइड असे, आणि उरलेला एक भाग सिरियम नावाच्या धातूचे. त्या एका भागावाचून तो प्रकाश इतका लख्ख पडत नसे.

आता त्याच घरातील आजचा दिवा पाहा. पेट्रोमॅक्स गेली, पिवळा बल्ब गेला, नळीचा दिवाही मागे पडला आणि एल. ई. डी. दिवा आला. या दिव्याच्या आत जी बारीक पिवळी टिकली दिसते, तिच्यातील लेपात पुन्हा तोच सिरियम अत्यल्प प्रमाणात मिसळलेला असतो. आजोबांच्या बत्तीत आणि नातवाच्या दिव्यात एकच धातू कामाला आहे, आणि घरात दोघांनाही त्याचे नाव ठाऊक नाही.

हा सिरियम ज्या कुळातला आहे, त्या कुळाची ओळख करून देणे हा आजच्या भाषणाचा उद्देश आहे. शास्त्रज्ञ त्या कुळाला विरल मृत्तिका म्हणतात. वर्तमानपत्रांतून आपण हल्ली 'दुर्मिळ खनिजे' असे शब्द वाचतो. त्यांतील मुख्य मंडळी हीच होत. या कुळात एकूण सतरा मूलद्रव्ये आहेत. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, आणि त्यांच्याशी नाते सांगणारी स्कँडियम व इट्रियम ही दोन.

या नावातील दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. स्वीडन देशात इटरबी नावाचे एक खेडे आहे. तेथील खाणीत १७८७ साली एका लष्करी अधिकाऱ्यास एक काळा, जड दगड सापडला. १७९४ साली योहान गाडोलिन या रसायनशास्त्रज्ञाने त्या दगडातून एक नवी 'मृत्तिका' वेगळी काढली. पाण्यात न विरघळणाऱ्या व आगीत न पालटणाऱ्या पदार्थास त्या काळी मृत्तिका म्हणण्याची रीत होती; वस्तुतः त्या पदार्थात धातू दडलेला असे. असा दगड तोवर दुसरीकडे फारसा आढळला नव्हता, म्हणून ती विरल ठरली. पुढे त्या एका खेड्याच्या नावावरून इट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि एर्बियम अशा चार मूलद्रव्यांची बारशी झाली. एवढा मान जगातील मोठमोठ्या राजधान्यांनाही मिळालेला नाही.

पण ही द्रव्ये खरोखर दुर्मिळ आहेत काय? पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतका आहे. निओडिमियम शिशापेक्षा अधिक आहे. या कुळातील अगदी गरीब नातलगसुद्धा सोन्यापेक्षा शेकडो पटींनी विपुल आहेत. एक प्रोमेथियम तेवढा अपवाद. तो किरणोत्सर्गी असल्याने निसर्गात टिकतच नाही. तेव्हा माती दुर्मिळ नाही. मग दुर्मिळ काय आहे? या प्रश्नाचे उत्तर सापडले म्हणजे आजच्या जगातील बऱ्याच घडामोडींचा उलगडा होतो.

आमच्या उचगाव भागातील शेतकऱ्यास हे एका उदाहरणाने चटकन समजेल. तांदळात खडे असतील तर सूप घेऊन बसले की काम होते. खडा वेगळा, दाणा वेगळा. तांदळात कोंडा असेल तर वारा पुरतो. पण बासमतीच्या दहा पोत्यांत हुबेहूब तसल्याच दाण्याचा दुसरा तांदूळ मिसळला, तर कोणती चाळण त्यांना वेगळे करील? विरल मृत्तिकांची स्थिती नेमकी तशी आहे. ही द्रव्ये एकाच खनिजात एकत्र राहतात आणि त्यांचे रासायनिक वागणे जवळजवळ सारखे असते.

याचे कारण त्यांच्या अणूच्या रचनेत आहे. रासायनिक क्रियेत अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन भाग घेतात. या कुळातील एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना वाढणारा इलेक्ट्रॉन बाहेर न बसता आतल्या कवचात जाऊन बसतो. एकाच गणवेशातील मुले पटांगणावर दुरून पाहिली तर सारखी दिसतात. त्यांचा निराळेपणा आत असतो. तसेच हे. बाहेरून सारखेपणा असल्यामुळे साधी रसायने त्यांच्यात भेद करू शकत नाहीत.

आणि गंमत अशी की ज्या आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे ही द्रव्ये वेगळी करणे कठीण जाते, त्यांच्यामुळेच ती इतकी उपयोगी आहेत. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या धक्क्यापासून सुरक्षित राहतात. त्यामुळे त्यांच्यापासून निघणारा प्रकाश बहुधा ठराविक, निर्मळ रंगाचा असतो, आणि त्यांचे चुंबकत्व लोखंडाशी जोडले असता मोठे बळ धारण करते. रंगीत दूरचित्रवाणीच्या जुन्या पडद्यावरील तांबडा रंग युरोपियम या द्रव्याचा होता. आजच्या सर्वांत शक्तिमान चुंबकाचे बळ निओडिमियमचे आहे. अडचण आणि उपयोग यांचे मूळ एकच आहे.

ही अडचण किती मोठी, हे सांगणारी एक कथा आहे. १८४१ च्या सुमारास स्वीडनच्या मोसांडर यांनी एक नवे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर केले आणि त्याला डिडिमियम, म्हणजे जुळे, असे नाव दिले. ते लँथॅनमचे जुळे भावंड, असा त्यांचा भाव होता. चाळीसाहून अधिक वर्षे जगाने ते एकच मूलद्रव्य मानले. १८८५ साली व्हिएन्नाच्या कार्ल आउअर यांनी त्याचे क्षार पुनःपुन्हा विरघळवून व पुनःपुन्हा स्फटिक करून दाखवून दिले की ते एक नसून दोन आहेत. त्यांना प्रेझिओडिमियम व निओडिमियम ही नावे मिळाली. अमेरिकेत चार्ल्स जेम्स यांना १९११ साली थुलियम शुद्ध करण्यासाठी सुमारे पंधरा हजार वेळा स्फटिकीकरण करावे लागले. पंधरा हजार! पाटी पुसावी आणि पुन्हा तेच गणित मांडावे, असे पंधरा हजार वेळा.

हेच आउअर मेंटलचे जनक होत. लायटरमधील ठिणगी देणारा खडाही त्यांचाच. तो सिरियम व त्याची भावंडे लोखंडात मिसळून बनवितात. मेंटलसाठी थोरियम व सिरियम हवा, आणि ही दोन्ही मोनाझाइट नावाच्या वाळूत मिळतात. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्रावणकोरहून आलेल्या काथ्यात अडकलेले वाळूचे कण दिसले. ते कण मोनाझाइटचे होते. लवकरच त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळू जहाजांत भरून युरोपकडे जाऊ लागली. तिकडे तिच्यातून थोरियम निघे, मेंटल होई, आणि ते मेंटल आपल्या बाजारात विकायला येई. वाळू आपली, बत्ती लावणारे हात आपले. मधली विद्या मात्र दुसऱ्याची. फायदा त्या मधल्या ठिकाणी राहिला.

हा धडा स्वतंत्र भारताने लवकर ओळखला. १९५० च्या ऑगस्ट महिन्यात इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ साली केरळातील आलवाये येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा तिचा कारखाना सुरू झाला. तिचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. म्हणजे या विद्येत आपला आरंभ जगाच्या मागे नव्हता. परंतु ओंजळभर आरंभ आणि भरलेली घागर यांत अंतर असते. ते कसे पडले, याकडे नंतर येऊ. आधी ही द्रव्ये आपल्या संसारात कोठे कोठे शिरली आहेत ते पाहू.

हातातील मोबाइल फोन घ्या. त्याच्या कानाशी येणारा आवाज ज्या चिमुकल्या चुंबकामुळे निर्माण होतो, त्यात निओडिमियम आहे. खिशात फोन थरथरतो, तेथेही तोच. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या या चुंबकाचा शोध १९८३-८४ मध्ये जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे लावला. त्याचा नखाएवढा तुकडा लोखंडाला चिकटला तर बोटांनी सुटता सुटत नाही. रस्त्यावरून आवाज न करता जाणारी विजेची स्कूटर घ्या. तिच्या मोटारीत बहुधा याच जातीचे चुंबक असतात. मोटार तापली तरी त्यांचे बळ ओसरू नये म्हणून त्यांत डिस्प्रोसियम घालतात. डिस्प्रोसियम या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'हाती लागण्यास कठीण' असा आहे.

बेळगावकरांना आणखी जवळचे उदाहरण देता येईल. उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात ओतकामाचे अनेक कारखाने आहेत, ज्यांना आपण सरळ फाउंड्री म्हणतो. साध्या बिडाच्या लोखंडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपाने राहतो. म्हणून बीड ठोका बसला की तडकते. त्याच रसात योग्य वेळी मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू टाकला तर कार्बन गोळ्यांच्या रूपात बसतो आणि लोखंड चिवट होते. याला कामगार एस. जी. आयर्न म्हणतात. ही युक्ती १९४८ साली इंग्लंड व अमेरिकेतील संशोधकांनी जगापुढे मांडली. त्या मिश्रधातूत बहुधा थोडासा सिरियम व त्याची भावंडे असतात. रसातील शिसे, अँटिमनी यांसारख्या अपायकारक द्रव्यांचा उपद्रव ती आवरतात. तेव्हा भट्टीपुढे उभा राहणारा आमच्या गावाकडचा तरुण विरल मृत्तिका रोज हाताळीत असतो. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते, इतकेच.

आता एका पाहुण्याची ओळख करून देतो. तो या कुळातला नाही, परंतु त्याची गोष्ट याच प्रकारची आहे आणि तिची पाळेमुळे आपल्याच डोंगरात आहेत. त्याचे नाव गॅलियम. एल. ई. डी. दिव्यात मूळ निळा प्रकाश निर्माण करणारा पदार्थ म्हणजे गॅलियम नायट्राइड. त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग सिरियमचा पिवळा लेप पालटतो आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. हा निळा दिवा साधल्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गॅलियम सापडण्यापूर्वीच त्याचे भाकीत झाले होते. १८७१ साली रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी आपल्या कोष्टकात अॅल्युमिनियमच्या खाली एक घर मोकळे ठेवले आणि तेथे येणाऱ्या अज्ञात द्रव्यास 'एक-अॅल्युमिनियम' असे नाव दिले. यातील 'एक' हा आपला संस्कृतातील 'एक' होय. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये ते द्रव्य सापडले. हा धातू २९.८ अंश सेल्सियसला वितळतो. चैत्रात टेबलाच्या खणात ठेवलेला तुकडा दुपारी पाणी होऊन जाईल.

अॅल्युमिनियमच्या खालचे घर मिळालेला हा धातू राहतोही त्याच्याच आश्रयाला. गॅलियमच्या स्वतंत्र खाणी सहसा नसतात. अॅल्युमिनियमचे खनिज जे बॉक्साइट, त्याच्या एका टनात तो सरासरीने पन्नास ग्रॅमच्या आसपास विखुरलेला असतो. आणि बॉक्साइट कोठे आहे? बेळगावहून पश्चिमेस वेंगुर्ल्याच्या वाटेला लागा. उचगावचा फाटा मागे पडला की थोड्याच अंतरावर चंदगड तालुका लागतो आणि घाटमाथ्याचे जांभ्याचे सडे सुरू होतात. लाखो वर्षांच्या पावसाने या सड्यांतील खडकामधून सिलिका धुऊन नेली आणि लोह व अॅल्युमिनियम मागे ठेवले. निसर्गाने स्वतःच केलेले हे निवडण आहे. चंदगड व राधानगरी तालुक्यांच्या उंच सड्यांवर त्यामुळेच बॉक्साइट आढळते. राधानगरीतील दुर्गमानवाडीची खाण या भागात अनेकांना ठाऊक आहे. बॉक्साइटपासून अॅल्युमिना तयार करणारा हिंडाल्कोचा कारखाना बेळगावनजीक यमनापूर येथे आहे.

अॅल्युमिना काढण्याची रीत कार्ल बायर यांनी १८८७ च्या सुमारास शोधली. बॉक्साइट कुटून दाहक सोड्यात उष्णतेने व दाबाने विरघळवितात. अॅल्युमिनियम द्रावणात उतरते. लोह व इतर गाळ खाली राहतो. हा गाळ म्हणजे तांबडा चिखल. एक टन अॅल्युमिन्यामागे साधारण एक ते दीड टन चिखल निघतो. गॅलियमचा मोठा भाग द्रावणात साचत जातो, तर स्कँडियम व इतर विरल मृत्तिका बहुतेक त्या चिखलात राहतात. म्हणजे एका खनिजातून आपण एक वस्तू घेतो आणि तिच्या सोबत्यांना बहुधा तसेच जाऊ देतो. ते सोबती थेंबाथेंबाने विखुरलेले असतात. त्यांना वेचून काढण्यास यंत्र, ऊर्जा, रसायने आणि शिकलेली माणसे लागतात. आपल्या देशात रेणुकूट येथे पूर्वी गॅलियम वेगळे काढले गेले होते. ते अशक्य नाही, हे त्यावरून दिसते.

येथे आपण मूळ प्रश्नाच्या उत्तरापाशी आलो. दुर्मिळ आहे ती निवडण्याची विद्या. आज स्फटिकीकरणाच्या पंधरा हजार फेऱ्या कोणी करीत नाही. खनिज आम्लात किंवा दाहक सोड्यात फोडतात, त्याचे पाण्यातील द्रावण करतात आणि ते रॉकेलसारख्या तेलकट द्रवाबरोबर घुसळतात. दोन भावंडांपैकी एक तेलात किंचित अधिक उतरते. किंचितच! म्हणून तीच क्रिया एकापुढे एक ठेवलेल्या शेकडो टाक्यांतून करावी लागते. ताक घुसळावे आणि प्रत्येक खेपेस लोण्याचा एकच कण हाती यावा, तसे हे चिकाटीचे काम आहे.

या कामाची किंमत पैशांत मोजून भागत नाही. आम्लाचे पाणी उरते, क्षारांचे ढीग उरतात, आणि मोनाझाइट असेल तर किरणोत्सर्गी थोरियम सांभाळावा लागतो. अमेरिकेतील माउंटन पास ही एके काळी या द्रव्यांची जगातील अग्रगण्य खाण होती. सांडपाण्याच्या गळतीचा प्रश्न आणि स्वस्त चिनी मालाची स्पर्धा यांमुळे ती २००२ साली बंद पडली; पुढे ती पुन्हा सुरू करावी लागली. चीनने ही घाण आणि हे कष्ट दोन्ही पत्करले, त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे शिकविली, आणि सारा व्यवहार आपल्याकडे ओढून घेतला. बाओटौ शहराजवळील गाळाचा विस्तीर्ण तलाव ही त्या यशाची दुसरी बाजू आहे. २०२४ साली जगात सुमारे ३ लाख ९० हजार टन विरल मृत्तिका खाणींतून निघाल्या. त्यांपैकी सुमारे २ लाख ७० हजार टन चीनच्या होत्या. शुद्धीकरणात तर त्या देशाचा वाटा नव्वद टक्क्यांच्या घरात आहे. भारताचे उत्पादन वर्षाला तीन हजार टनांच्या आसपास आहे. आणि आपल्या किनाऱ्यांच्या वाळूत मोनाझाइट मात्र सुमारे १ कोटी ३० लाख टन असल्याचा अंदाज आहे. मघाशी ओंजळ आणि घागर म्हटले ते यासाठी.

ज्याच्या हाती किल्ली, तो दार लावू शकतो. २०१० साली चीन व जपान यांच्यात एका बेटाच्या परिसरातून वाद उद्भवला आणि जपानला जाणारा हा माल अडला. २०२३ च्या ऑगस्टपासून चीनने गॅलियम व जर्मेनियमच्या निर्यातीस परवाना लावला. ४ एप्रिल २०२५ रोजी डिस्प्रोसियम, टर्बियम आदी सात विरल मृत्तिकांवर व त्यांच्या चुंबकांवर तसाच निर्बंध आला. त्याची झळ थेट पुण्यापर्यंत पोचली. चुंबकांअभावी विजेच्या स्कूटरचे उत्पादन घटेल, असे बजाज ऑटोस त्याच वर्षी जाहीर करावे लागले. थोड्याशा चुंबकासाठी सारे वाहन अडून बसते, आणि त्याबरोबर सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांतील माणसांची रोजीही.

सरकारने यावर काही पावले टाकली आहेत. २०२३ साली तीस अत्यावश्यक खनिजांची यादी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी विशाखापट्टणम येथे सॅमॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. २०२५ च्या जानेवारीत त्या खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली, आणि नोव्हेंबरात निओडिमियमच्या जातीचे चुंबक देशात तयार व्हावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना संमत झाली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु योजना कागदावर एका दिवसात होते. टाकीपुढे उभे राहून द्रावणाचा रंग ओळखणारा माणूस तयार होण्यास दहा वर्षे लागतात.

म्हणून मला दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवावयाच्या आहेत. पहिली आपल्या डोंगरांविषयी. खनिज हवे म्हणून आणखी सडे फोडावे, हा पहिला विचार मनात येतो. पण सह्याद्रीचे सडे हे नद्यांच्या उगमाचे माथे आहेत. तेथील पाणी खाली आपल्याच शेतात येते. जे खनिज आधीच काढले, त्यातील सोबती द्रव्ये पूर्णपणे वेचणे, साठलेल्या तांबड्या चिखलाकडे टाकाऊ म्हणून न पाहणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. तोही निर्धोक नाही. त्यालाही आम्ले लागतात आणि त्यांची नीट व्यवस्था लावणारे कायदे व ते पाळणारी माणसे लागतात. नफा एका गावाला आणि गाळ दुसऱ्या गावाला, असा न्याय मात्र कोठेही होता कामा नये.

दुसरी गोष्ट आपल्या घराविषयी. प्रत्येक घरात एक खण असतो, ज्यात बंद पडलेला फोन, तुटलेले कर्णयंत्र, जुना चार्जर पडून असतात. त्यांतील चुंबक खनिजापेक्षा कितीतरी शुद्ध आहेत. कोणीतरी एकदा ते कष्ट उपसलेले आहेत. तरीही जगात विरल मृत्तिकांपैकी पुन्हा वापरात येणारा भाग एक टक्क्याच्या आसपासच आहे. ही वस्तू उकिरड्यावर गेली की शेकडो टाक्यांची मेहनत पुन्हा मातीत मिसळते, आणि या वेळी ती विषासकट मिसळते. नोंदणीकृत संकलकाकडे ती पोचविणे, निदान ओल्या कचऱ्यात न टाकणे, एवढे आपल्या हाती आहे. भंगार घेणाऱ्यानेही ती उघड्यावर जाळू नये. त्या धुराने प्रथम त्याच्याच लेकरांची छाती भरते.

आणि ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत, त्यांना एक विनंती. रसायनशास्त्र म्हणजे गुणांसाठी पाठ करावयाची समीकरणे, असा समज मुलांच्या मनात बसू देऊ नका. कोष्टकाच्या तळाशी वेगळ्या ओळीत लिहिलेली ती पंधरा अवघड नावे परीक्षेत क्वचित विचारली जातात, म्हणून शिक्षक व विद्यार्थी दोघेही ती ओलांडून पुढे जातात. आपल्या देशाची अडचण नेमकी त्या ओळीत आहे. ती ओळ वाचणारी चार मुले बेळगाव, निपाणी, चंदगड या भागांतून निघाली, तर त्यांना काम शोधीत फार दूर जावे लागू नये, अशी आशा करू या.